आपलाच पेपर मराठीत आणायला परवानगी कुणाची?

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात सुट्टीवर गेले होते, तेव्हा वेंगुर्ल्याजवळच्या एका गावासाठी मुद्दाम एक दिवस राखून ठेवला होता. माझ्या पीएचडीतले निम्मे नमुने त्या गावच्या विहिरींचे आहेत. किनाऱ्यालगतच्या गोड्या पाण्यात समुद्राचं खारं पाणी कधी आणि किती आत शिरतं, हा माझा विषय. तीन उन्हाळे मी तिथे बाटल्या भरत हिंडले आणि त्या बाटल्या एका निवृत्त गुरुजींच्या पडवीत ठेवल्या. या वेळी गुरुजींनी चहा पुढे केला आणि पहिलाच प्रश्न विचारला, “काय गो, आमच्या बावींचा पाणी बाटल्यांत भरून हॉलंडाक न्हेलंस. तेचा पुढे काय झाला?”

मी सांगितलं, पेपर छापून आला, चांगल्या जर्नलमध्ये आला. “मगे मराठीत करून दी की. पंचायतीत लावया.”

खरं सांगायचं तर लाज वाटली. हे मला आधीच सुचायला हवं होतं. नऊ पानांचा पेपर, एक नकाशा, दोन तक्ते. अबू धाबीला परतल्यावर एका शनिवार-रविवारचं काम, असं म्हणून मी निघाले. परतल्यावर सहज म्हणून तो फॉर्म शोधून काढला, जो मी सव्विसाव्या वर्षी, पेपर स्वीकारला गेल्याच्या आनंदात, एका मिनिटात सही करून पाठवला होता. त्यात ‘सर्व भाषांतील भाषांतराचे हक्क’ असे शब्द स्पष्ट होते, आणि ते मी देऊन टाकले होते.

मग परवानगी मागितली. प्रकाशकाचं नाव इथे घेत नाही, कारण त्यांच्याच फॉर्ममध्ये वेगळं काही होतं अशातला भाग नाही. ऑनलाइन अर्जात प्रश्न होते: तुम्ही या लेखाच्या लेखक आहात का? हो. काय करायचंय? भाषांतर. किती भाषांत? एक. किती प्रती? मी दोनशे लिहिलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. नकाशा श्रेय देऊन वापरता येईल. पूर्ण लेखाच्या भाषांतराला वेगळं शुल्क पडेल, आणि मराठी आवृत्तीचा कॉपीराइटही त्यांच्याकडेच राहील. शुल्काची जी रक्कम सांगितली, तेवढ्यात गुरुजींच्या गावात पुस्तिका छापून वर गावजेवण घालता आलं असतं.

पॉडकास्टच्या मागच्या भागात ‘पेपर वाचायला पैसे का पडतात’ यावर आपण बोललो होतो. त्यानंतर आलेल्या ईमेलमध्ये बऱ्याच जणांचा सूर होता की आम्ही तर लेखक, आमचं काय जातं? काय जातं ते आज लिहिते. मी वकील नाही. हे सगळं मी फॉर्म वाचून, ग्रंथपालांना छळून आणि चुका करून शिकले आहे.

खरेदीखत आणि भाडेकरार

आपण कॉपीराइट ही एक वस्तू समजतो. प्रत्यक्षात ती हक्कांची मोळी असते: छापण्याचा हक्क, प्रती काढण्याचा, इंटरनेटवर ठेवण्याचा, भाषांतराचा, त्यावरून दुसरं काही रचण्याचा. लिहिलं त्या क्षणी ही सगळी मोळी तुमची असते. त्यासाठी कुठे नोंदणी करावी लागत नाही. पेपर स्वीकारला गेला की प्रकाशक एक फॉर्म पाठवतो. तो दोन जातींचा असतो आणि जात ओळखणं हेच पहिलं काम.

पहिला म्हणजे कॉपीराइट ट्रान्सफर. हे खरेदीखत. घर त्यांचं झालं. तुम्हाला मागच्या दाराने येऊ देतील ती त्यांची मेहेरबानी. दुसरा म्हणजे लायसन्स, म्हणजे भाडेकरार. घर तुमचंच राहतं, त्यांना वापरायला दिलेलं असतं. पण इथे एक मेख आहे. लायसन्स ‘एक्स्क्लुझिव्ह’ असेल तर सातबारा तुमच्या नावावर आणि किल्ली भाडेकरूकडे, अशी अवस्था होते. ‘कॉपीराइट © लेखक’ असं पेपरवर छापलेलं असतं आणि आपण खूश होतो. पण त्याखाली एक्स्क्लुझिव्ह लायसन्स असेल तर भाषांतरासाठी पुन्हा त्याच दारात उभं राहावं लागतं. हवं असतं ते ‘नॉन-एक्स्क्लुझिव्ह’ लायसन्स: तुम्हीही छापा, मीही वापरेन.

आणि हा व्यवहार किती वर्षांचा? भारतात कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, इथे अमिरातीत ५०. दामोदर धर्मानंद कोसंबी १९६६ मध्ये गेले. भारतीय कायद्याप्रमाणे त्यांच्या लिखाणाची मुदत २०२६ च्या अखेरीस संपते. सव्विसाव्या वर्षी सही करणारी मी ऐंशीपर्यंत जगले, तर भारतात तो व्यवहार ११४ वर्षांचा होईल. भारताच्या कायद्यात एक चांगलं कलम आहे: करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरायची, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत धरायचा. पण प्रकाशकांचे वकीलही हे कलम वाचतात, त्यामुळे प्रत्येक फॉर्ममध्ये ‘जगभर, पूर्ण मुदतीसाठी’ असतंच.

काय विकलं जात नाही, हेही सांगायला हवं, नाहीतर तुम्ही उगाच घाबराल. कॉपीराइट शब्दांवर आणि मांडणीवर असतो, निष्कर्षांवर नाही. विहिरीत मार्चपासून क्षार वाढू लागतात ही गोष्ट कुणाच्याही मालकीची नाही. ती मी मराठीत माझ्या शब्दांत, नव्याने, कितीही वेळा लिहू शकते. मोजलेले आकडेही तसेच. अडतं ते त्याच पेपरचं परिच्छेदागणिक भाषांतर करताना, किंवा त्यातलीच आकृती जशीच्या तशी घेताना. ‘मग नव्यानेच लिहा की’ असं कुणी म्हणेल. लिहावं. पण विहीरमालकाला किंवा जिल्ह्यातल्या अधिकाऱ्याला जेव्हा मूळ शास्त्रीय लेख, तक्त्यांसकट आणि पद्धतीसकट, त्याच्या भाषेत हवा असतो, तेव्हा सोपा करून सांगितलेला लेख त्याची जागा घेत नाही.

परदेशात डॉक्टरेट करून मराठीत लिहिणाऱ्यांची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. इरावती कर्वे बर्लिनला डॉक्टरेट करून आल्या, ‘युगान्त’ मराठीत लिहिलं आणि १९६९ मध्ये त्याची इंग्रजी आवृत्ती आली, तीही त्यांचीच. एकच गोष्ट दोन भाषांत, दोन्हीकडे हात त्यांचा. आपल्या पिढीचा प्रवास उलट दिशेने आहे, इंग्रजीतून मराठीकडे, आणि वाटेत तो फॉर्म आहे.

हक्क दुसऱ्याकडे असले की काय होतं

ऑगस्ट २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या तीन प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठावर आणि तिथल्या रामेश्वरी फोटोकॉपी या दुकानावर दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात विद्यार्थ्यांसाठी पुस्तकांतल्या नेमलेल्या भागांच्या झेरॉक्स एकत्र बांधून मिळत असत, तो गुन्हा आहे असं त्यांचं म्हणणं. खटल्याचा निकाल अनेकांना माहीत असतो: १६ सप्टेंबर २०१६ रोजी न्यायालयाने दावा फेटाळला, डिसेंबरमध्ये दोन न्यायाधीशांच्या पीठानेही शिकवण्यासाठी अशा प्रती काढण्याची मुभा मूलतः मान्य केली, आणि मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला.

मला त्यातलं दुसरंच काहीतरी महत्त्वाचं वाटतं. अमर्त्य सेन यांच्यासह ३०० हून अधिक अभ्यासकांनी प्रकाशकांना पत्रं लिहून विनंती केली होती की हा खटला मागे घ्या. दाव्यात ज्यांच्या पुस्तकांचा उल्लेख होता असे लेखकही त्यांत होते. म्हणजे ज्यांच्या पुस्तकांच्या रक्षणासाठी खटला चालू होता तेच म्हणत होते की आम्हाला हे रक्षण नको. पण त्यांना विनंतीच करता आली. दावा थांबवण्याचा हक्क हातात नव्हता.

याच गोष्टीची ताजी आवृत्ती म्हणजे २०२४. टेलर अँड फ्रान्सिसची मालक कंपनी इन्फॉर्मा हिने त्या वर्षी मायक्रोसॉफ्टशी एआयसाठी मजकूर वापरू देण्याचा करार जाहीर केला. सुरुवातीचीच रक्कम १ कोटी डॉलरच्या वर होती. कित्येक लेखकांना ही बातमी वाचून कळली. विचारायला हवं होतं असं त्यांना वाटलं, आणि मलाही वाटतं. पण खरेदीखत झालेल्या घराचं नवा मालक काय करतो, ते जुन्या मालकाला विचारून करत नाही.

कुठला कायदा आपल्या बाजूने?

माझी पीएचडी नेदरलँड्समध्ये झाली. तिथे २०१५ पासून कॉपीराइट कायद्यात एक दुरुस्ती आहे, ती मांडणाऱ्या खासदाराच्या नावावरून तिला टॅव्हर्न दुरुस्ती म्हणतात. सार्वजनिक पैशातून झालेल्या संशोधनावरचा छोटा लेख लेखकाला ‘वाजवी काळानंतर’ सर्वांसाठी खुला करता येतो, फॉर्ममध्ये काहीही लिहिलेलं असो. डच विद्यापीठांनी हा वाजवी काळ सहा महिने धरला आहे. जर्मनीत २०१४ पासून असाच हक्क आहे, पण १२ महिन्यांनंतर आणि फक्त स्वीकृत हस्तलिखितासाठी. तुमच्यापैकी कुणी या दोन देशांत असेल तर आज ग्रंथालयाला एक ईमेल टाका. माझा पेपर असाच खुला झाला. वेंगुर्ल्यात बसून कुणीही तो फुकट उघडू शकतं. पण इंग्रजीत! कारण ही दुरुस्ती वाचायला देण्यापुरती आहे. भाषांतराचा हक्क त्यातून परत मिळत नाही, हे मला गुरुजींमुळे कळलं.

इथे अमिरातीत असं कलम नाही. इथला नवा कॉपीराइट कायदा २०२१ चा, ३८ क्रमांकाचा संघीय आदेश. जानेवारी २०२२ पासून लागू. त्यातल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या. एक, हक्कांचं हस्तांतर लेखी हवं आणि कुठला हक्क, कशासाठी, किती काळ, कुठे, हे त्यात नमूद हवं. जे नमूद नाही ते लेखकाकडेच राहतं. दुसरी गोष्ट इथे नोकरी करणाऱ्यांनी नीट वाचावी: नोकरीच्या कामाचा भाग म्हणून, किंवा मालकाची साधनं आणि माहिती वापरून, केलेल्या लिखाणाचा हक्क वेगळा करार नसेल तर मालकाचा असतो. विद्यापीठं साधारणपणे शोधनिबंध लेखकांकडेच ठेवतात, पण ते त्यांच्या नियमावलीत लिहिलेलं असतं, गृहीत नसतं. ज्या श्रोत्यांनी ‘मी दुबईत कन्सल्टन्सीत आहे, जुन्या डेटावर पेपर लिहितोय’ असं कळवलंय त्यांनी आधी आपलं नोकरीचं कॉन्ट्रॅक्ट काढून पाहा. लेखक म्हणून नाव लागण्याचा हक्क मात्र विकता येत नाही, तो कायम तुमचा. आणि प्रकाशकाच्या फॉर्मवर बहुधा इंग्लंड, नेदरलँड्स नाहीतर न्यूयॉर्कचा कायदा लागू असं लिहिलेलं असतं, त्यामुळे तुम्ही राहता त्या देशाच्या कायद्यावर फार विसंबू नका.

भारताच्या कायद्यात शोधत असताना मला कलम ३२ सापडलं आणि अक्षरशः खुर्चीतून उठले. १९५७ च्या कायद्यातलं हे कलम म्हणतं की पुस्तक किंवा लेख प्रसिद्ध होऊन सात वर्षं झाली आणि एखाद्या भाषेत त्याचं भाषांतर आलं नाही, तर कोणीही भाषांतराचं लायसन्स मागू शकतं, हक्कदाराची इच्छा असो वा नसो; रॉयल्टी मात्र द्यायची. परदेशी लिखाण अध्यापन-संशोधनासाठी हवं असेल तर मुदत तीन वर्षं. आणि भाषा जर ‘कोणत्याही विकसित देशात सर्वसाधारण वापरात नसलेली’ असेल तर एकच वर्ष. म्हणजे कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यापुढे आपल्यासारख्या भाषा होत्या. (न्यू जर्सीतल्या श्रोत्यांनी रागावू नये.) पण अटी बऱ्याच आहेत, आणि ज्या मंडळाकडे अर्ज करायचा ते मंडळ आधी दुसऱ्या न्यायाधिकरणात विलीन झालं, मग २०२१ मध्ये ते न्यायाधिकरणच गेलं आणि काम न्यायालयांकडे आलं. नऊ पानांच्या पेपरसाठी एवढं कोण करणार? मी नाही केलं.

सही करण्याआधी

तर मग करायचं काय? बहुतेक सगळं सहीच्या आधी करायचं असतं. सहीनंतर उरते ती विनवणी.

पेपर कुठे पाठवायचा ते ठरवतानाच जर्नलचं धोरण बघा. ‘ओपन पॉलिसी फाइंडर’ नावाची फुकट सोय आहे, पूर्वी तिला शेर्पा रोमिओ म्हणायचे. त्यात जर्नलचं नाव टाकलं की कुठली आवृत्ती कुठे आणि किती महिन्यांनी ठेवता येते ते दिसतं. आवृत्त्या तीन: तुम्ही पाठवलेला मूळ मसुदा, म्हणजे प्रीप्रिंट, परीक्षणानंतर दुरुस्त होऊन मान्य झालेलं, पण अजून प्रकाशकाने मांडणी न केलेलं स्वीकृत हस्तलिखित, आणि प्रकाशकाची मांडणी केलेली अंतिम पीडीएफ. लोक घाईत तिसरी आवृत्ती वेबसाइटवर टाकतात आणि नोटीस आली की गडबडतात. खरी ताकद मधल्या आवृत्तीत आहे, कारण विज्ञानाच्या दृष्टीने ती पूर्ण असते. ती वर्डची फाइल जपून ठेवा. पाच वर्षांनी ती कुणाकडेच नसते, हे अनुभवाने सांगते.

प्रीप्रिंट हा सर्वात स्वस्त उपाय. पुण्याच्या आयुकातल्या खगोलशास्त्रज्ञांना यात काही नवल वाटणार नाही. त्यांच्या विषयात पेपर आधी आर्काइव्हवर जातो, १९९१ पासून ते चालू आहे. पण तिथे मसुदा टाकताना लायसन्स निवडायचा एक छोटा रकाना असतो, आणि तिथे आपण काहीही निवडून पुढे जातो. क्रिएटिव्ह कॉमन्सचं सीसी-बाय निवडलंत तर श्रेय देऊन कोणीही त्या मसुद्याचं भाषांतर करू शकतं, तुम्हीसुद्धा, आणि ते लायसन्स मागे घेता येत नाही. नंतर कुणीही प्रकाशक आला तरी तो आधी दिलेल्या वचनासकटच येतो. अर्थात जर्नलला हे चालतं का ते आधी पाहायचं.

यालाच मोठ्या प्रमाणावर वापरण्याची युक्ती हार्वर्डने काढली. फेब्रुवारी २००८ मध्ये तिथल्या कला व विज्ञान शाखेच्या प्राध्यापकांनी ठराव केला की आमच्या प्रत्येक लेखाचं एक नॉन-एक्स्क्लुझिव्ह लायसन्स आम्ही आधीच विद्यापीठाला दिलंय. घर विकण्यापूर्वीच एका भाडेकरूचं नाव लावून ठेवण्यासारखं: विकत घेणाऱ्याला तो भाडेकरू मान्य करावाच लागतो. आखातात सौदी अरेबियातल्या काऊस्ट विद्यापीठाने २०१४ मध्ये खुल्या प्रकाशनाचं धोरण स्वीकारलं. २०२० मध्ये युरोपातल्या संशोधन निधी देणाऱ्या संस्थांच्या गटाने, कोअलिशन एसने, हेच लेखकाच्या हातात दिलं. पेपर पाठवतानाच आभाराच्या परिच्छेदात आणि संपादकाच्या पत्रात एक वाक्य घालायचं: या लेखाच्या पुढे स्वीकारल्या जाणाऱ्या हस्तलिखिताला लेखकाने सीसी-बाय लायसन्स लावलेलं आहे. सगळी गंमत क्रमात आहे. हे वाक्य फॉर्मच्या आधी लिहिलेलं असतं आणि संपादकाने ते वाचून पेपर घेतलेला असतो. अमेरिकेत एनआयएचच्या पैशावर काम करणाऱ्यांना तर १ जुलै २०२५ पासून स्वीकृत हस्तलिखित थांबा न ठेवता खुलं करावंच लागतं.

निधी देणारा असा पाठीशी नसेल तर फॉर्मसोबत जोडपत्र पाठवता येतं. अमेरिकेतल्या स्पार्क या ग्रंथालयांच्या संघटनेचं तयार जोडपत्र फुकट मिळतं. त्यात लेखावर आधारित नवं काही करण्याचा हक्क लेखकाकडे ठेवलेला आहे, आणि भाषांतर त्यातच येतं. तेवढंही जमत नसेल तर एक ओळ लिहा: ‘मराठी भाषेतील भाषांतराचे आणि प्रकाशनाचे हक्क लेखकाकडे राहतील.’ इंग्रजीत लिहा अर्थात. मला या एका ओळीबद्दल फार आशा आहे, कारण मराठीच्या बाजारात या प्रकाशकांना काडीचाही रस नाही. जे त्यांना नकोच आहे ते मागायला लाज कशाला?

आता पैसे भरून खुला केलेला पेपर. इथे लोक दोनदा फसतात. नेचरने २०२१ मध्ये असं शुल्क सुरू केलं तेव्हा ते ९,५०० युरो होतं. एवढे पैसे मोजले म्हणजे हक्क आपले राहिले, असं वाटतं. पण फॉर्मवर सीसी-बाय आणि सीसी-बाय-एनसी-एनडी असे पर्याय येतात, आणि दुसरा जास्त सुरक्षित वाटतो: कुणी धंदा करू नये, कुणी बदल करू नये. त्यातलं ‘एनडी’ म्हणजे बदल करून वाटायला मनाई, आणि भाषांतर हा कायद्याच्या नजरेत बदलच. शिवाय हा पर्याय निवडला की काही प्रकाशक व्यापारी हक्क स्वतःकडे एक्स्क्लुझिव्ह घेतात. म्हणजे हजारो युरो भरूनही मराठीसाठी परवानगी लागणार. माझ्या एका मित्राने नेमकं हे केलंय, अजून त्याला ते पटत नाही.

दुसरी फसगत आमच्या शेजारच्या शारजाशी जोडलेली आहे. २००९ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातला पीएचडीचा विद्यार्थी फिल डेव्हिस याने संगणकाने जुळवलेला निरर्थक पेपर बेन्थम सायन्सच्या एका खुल्या जर्नलला पाठवला. तो स्वीकारला गेला आणि ८०० डॉलर शारजाच्या विमानतळाजवळच्या सैफ झोनमधल्या टपालपेटीच्या पत्त्यावर पाठवा असं उत्तर आलं. लबाडी आमच्या लक्षात आली होती, असं प्रकाशकाने नंतर सांगितलं. पण त्या जर्नलच्या मुख्य संपादकाने राजीनामा दिला. ‘ओपन’ हा शब्द आणि शुल्काचा आकडा यांतून ना दर्जा कळतो ना हक्क. लायसन्सचं नाव वाचायचं.

पैसे न भरताही हे जमतं, आणि ते मुंबईत करून दाखवलेलं आहे. केईएम रुग्णालय आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांचं ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ १९५५ पासून निघतं. मुंबईतच १९९७ मध्ये डॉ. डी. के. साहू यांनी मेडनो ही प्रकाशन संस्था सुरू केली आणि असं एकेक जर्नल इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवलं, बहुतांशी लेखकांकडूनही काही न घेता. २०११ मध्ये मेडनो वोल्टर्स क्लुवर या बहुराष्ट्रीय कंपनीने विकत घेतली. आपल्या दृष्टीने इथे कामाचं हे की त्यातल्या कित्येक लेखांवर क्रिएटिव्ह कॉमन्सचं असं लायसन्स होतं, ज्यात व्यापारी नसलेलं भाषांतर चालतं. मालक बदलला म्हणून त्या लेखांचं लायसन्स बदलत नाही.

या सगळ्यात एक अडचण आहे, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पेपरवर तुमचं एकट्याचं नाव नसतं. सही बहुधा एक जण सगळ्यांच्या वतीने करतो आणि तो अनेकदा तुमचा सुपरवायझर असतो. वाक्य पाहून एखादं जर्नल पेपर परत पाठवतं, किंवा ‘मग पैसे भरून खुला करा’ म्हणतं. पक्की नोकरी असलेल्या प्राध्यापकाला तो महिना-दोन महिन्यांचा उशीर. पोस्टडॉकसाठी तो पुढच्या कॉन्ट्रॅक्टचा, आणि इथे अमिरातीत नोकरी गेली की व्हिसाचाही प्रश्न. त्यामुळे ‘छातीठोकपणे नाही म्हणा’ असा सल्ला मी देणार नाही. माझं मत असं की पहिला धोका वरिष्ठांनी घ्यावा, आणि आपण त्यांना तो घ्यायला लावावा. पेपर लिहायला घेतानाच विचारायचं, मान्य झाल्यावर नाही. माझे इथले सुपरवायझर सीरियाचे आहेत. मी घाबरत भाषांतराची गोष्ट काढली, तर त्यांचा पहिला प्रश्न होता, “मग अरबीचीही ओळ घालूया का?”

घातली. गेल्या वर्षीचा आमचा पेपर मराठी आणि अरबी अशा दोन्ही भाषांतरांचे हक्क राखून गेला. संपादकाने त्यावर एक अक्षरही विचारलं नाही. फॉर्ममध्ये मी ते कलम खोडून बाजूला लिहिलं, सही केली, आणि सही झालेली प्रत परत मागून ठेवली. हे शेवटचं विसरू नका.

जुन्या पेपरचं मात्र भाषांतर झालं नाही. मी तो बाजूला ठेवला, माझ्या मूळ आकड्यांवरून नकाशा नव्याने काढला, आणि मराठीत पहिल्या वाक्यापासून लिहायला बसले. शनिवार-रविवारच्या कामाला चार महिने लागले. ‘क्षारता’ लिहावं की ‘खारटपणा’, यावरच गुरुजींशी तीन फोन झाले. त्यांनी शेवटी दोन्ही खोडून ‘मचूळ’ लिहायला लावलं, कारण थोडं खारावलेल्या पाण्याला तिथे तेच म्हणतात. नकाशावर विहिरींना मी दिलेले क्रमांकही त्यांना पसंत नव्हते. आता तिथे नावं आहेत: देवळाकडची, सुताराची, माडाखालची. सोळा पानांची पुस्तिका गेल्या पावसाळ्याआधी छापून झाली आणि पंचायतीत लागली. पहिल्या पानाच्या मागे, खाली, सीसी-बाय लिहिलंय. ते काय म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कुणालाही छापता येईल, मला विचारायला नको. “मगे शाळेत लावतंय,” म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी झेरॉक्स काढायला कुडाळला गेले.